काठावर पास झालेली टीम

माझ्याकडे बेसबॉलची एक अख्खी टीम आहे. मॅनेजरपासून राखीव कॅचरपर्यंत सगळे. शॉमबर्गच्या आमच्या घरात जिन्याच्या भिंतीवर ते रांगेने उभे आहेत, प्रत्येक जण आपापल्या प्लास्टिकच्या पेटीत, आणि जवळजवळ सगळेच काठावर पास झालेले. पाहुणे आले की चहा टाकायच्या आधी मी त्यांना जिन्याकडे नेते. नवरा मागून म्हणतो, "अगं, त्यांना शूज तरी काढू दे." पण मला दम निघत नाही. कधीच निघत नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी इथे बबल गमच्या पाकिटात खेळाडूंची कार्डं यायची. पुढे फोटो, मागे त्याच्या खेळाची माहिती. मुलं ती खिशात कोंबायची, सायकलच्या चाकात अडकवायची, एकमेकांच्या डोक्यात मारायची. आता तीच कार्डं लोक ग्रेडिंग कंपनीकडे पाठवतात. तिथले तज्ज्ञ कोपरे, कडा, पृष्ठभाग, छपाई तपासतात, दहापैकी मार्क देतात आणि कार्ड टणक प्लास्टिकमध्ये कायमचं सील करतात. साठच्या दशकातलं आठ किंवा नऊ मार्कांचं कार्ड घ्यायचं तर आमच्यासारख्या मॉर्गेजवाल्यांनी फक्त दुरून नमस्कार करावा. पण त्याच कार्डाला चार मार्क असले, तर मात्र आमच्यासारख्यांनाही बोलणी करता येतात.

बाबांना हे मार्कांचं प्रकरण फार आवडलं. ते नागपूरला असतात, सरकारी नोकरीतून कधीच रिटायर झाले, पण मार्क म्हटले की आजही त्यांचे कान टवकारतात. कार्ड आलं की मी त्यांना व्हिडिओ कॉल करायची.

"किती भेटले?"

"चार."

"दहापैकी?"

"हो, बाबा."

"म्हणजे चाळीस टक्के. पास आहे. पण थर्ड क्लास."

एकदा एका आउटफिल्डरला तीन मिळाले, तर ते खरोखर गंभीर झाले. "पोराकडे पाहून तर वाटत नाही," म्हणाले. मीही त्या पोराची बाजू घेऊन भांडले. त्याच्या पाठीवर एक घडी होती, बस. समोरून बघाल तर राजबिंडा.

आणि बजेटमध्ये संच जमवायची सगळी गंमत तिथेच आहे. मार्क कमी का पडले ते बघायचं. मागे घडी असेल, पेनाने काही लिहिलेलं असेल, फोटो चौकटीत थोडा डावीकडे सरकलेला असेल, तर चालेल. पण चेहरा ताजा पाहिजे. मी कामावर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. दिवसभर लोकांच्या कामात खोट काढायची आणि पगार घ्यायचा. इथे मात्र खोट बघून खूश व्हायचं, कारण ती खोट आहे म्हणून तर तो माझ्याकडे येणार. हा बदल मला इतका मानवला की नवरा म्हणाला, हीच नजर माझ्याकडे बघतानाही ठेव. मी म्हटलं, तुझा चेहरा ताजा कुठेय?

दुसरी युक्ती टीम निवडण्याची. मी मुद्दाम साठच्या दशकातल्या एका वर्षाची, हरणारी टीम निवडली. त्या वर्षी तिने सपाटून मार खाल्ला होता, त्यामुळे तिच्या खेळाडूंना कुणी विचारत नाही. तिसरी युक्ती म्हणजे कार्डांचा बाजार, म्हणजे कार्ड शो, संपायच्या वेळेला जाणं. डीलर खोकी भरायला लागलेले असतात, पाय दुखत असतात, आणि परत गाडीत टाकण्यापेक्षा देऊन टाकलेलं बरं असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं. बाजार उठताना भाजी घ्यायची सवय असलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

अशी एकेक करत टीम भरत आली. राहिला फक्त एक जण.

तो पिचर त्या वर्षी अगदी नवखा होता. हरणाऱ्या टीममध्ये वर्षभर बिचाऱ्याने मार खाल्ला, पुढे दुसरीकडे गेला आणि मोठा झाला. खूप मोठा. त्यामुळे त्याचं हे पहिलं कार्ड म्हणजे काही विचारू नका. एक मार्क मिळालेलं, चुरगळलेलं, कोपरा उडालेलं कार्डसुद्धा माझ्या आवाक्याबाहेर. माझ्या टीममध्ये सगळे होते, पण बॉल टाकणारा नव्हता. भिंतीवर त्याच्या जागी मी रिकामी चौकट लावून ठेवली होती, आणि जिना चढता-उतरताना ती माझ्याकडे बघायची. मला दुसरं काही नको होतं. ती चौकट भरायला हवी होती.

त्या शनिवारी आम्ही शोला सकाळीच गेलो, कारण संध्याकाळी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवऱ्याचं गाणं होतं आणि त्याला आवाज वाचवायला दुपारी झोपायचं होतं. शो जवळच्याच एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये असतो. सकाळी भाव कडक असतात, म्हणून मी नुसतीच फिरत होते. तेवढ्यात भिंतीकडेच्या टेबलावर मला तो दिसला.

मी थबकले. मग टेबलावर वाकले. मग मला कळलं की बाकीचे लोक हसत पुढे का जात होते. कुणीतरी ते कार्ड लॅमिनेट केलं होतं.

आपल्याकडे मार्कशीट लॅमिनेट करतात ना, तसं. चकचकीत प्लास्टिक, चारी बाजूंनी बोटभर कड सोडलेली. कार्डवाल्यांच्या जगात याहून मोठं पाप नाही. लॅमिनेट केलं म्हणजे कार्ड मेलं, असं मानतात. कडेला लावलेली किंमतही मयताला शोभेल अशीच होती.

टेबलामागे एक बाई होती, साधारण माझ्याच वयाची. तिचे वडील शाळेत शिक्षक होते आणि गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या तळघरातली खोकी ती विकायला घेऊन आली होती. ती हे सगळं इंग्रजीत सांगत होती, मी माझ्या मराठीत लिहिते आहे. म्हणाली, शाळेत लॅमिनेशनचं मशीन आलं तेव्हा वडिलांना काय करू आणि काय नको झालं होतं. माझी चित्रं केली, आईच्या हातच्या पाककृती केल्या, कुत्र्याचा फोटो केला आणि सगळ्यात लाडकं म्हणून हे कार्ड केलं. आज सकाळपासून जो येतोय तो मला सांगतोय की तुझ्या बापाने केवढ्या पैशाचं वाटोळं केलं. आता आणखी कुणी तेच म्हणालं तर मी खोकी उचलून घरी जाणार आहे.

तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलीही होती. मला ती एकदम आवडली.

मी म्हटलं, "माझे बाबापण असेच."

आणि हे खोटं नव्हतं. आमच्या घरात शिकणारी पहिली पिढी म्हणजे बाबा. कागदाची किंमत काय असते ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. घरातला कोणताही महत्त्वाचा कागद आला की ते ऑफिसजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचे आणि लॅमिनेट करून आणायचे. माझा जन्मदाखला, आईचं शिवणाच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, लसीकरणाचं कार्ड, सगळं. माझी इंजिनीअरिंगची डिग्री हातात आली त्याच संध्याकाळी तीही प्लास्टिकमध्ये गेली. पुढे इकडे यायच्या वेळी डिग्रीवर शिक्का घ्यायला गेलो, तर खिडकीतल्या माणसाने ती परत सरकवली. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही, काढून आणा. घरी आल्यावर बाबांनी खाली वर्तमानपत्र पसरलं, आईची इस्त्री मंद तापवली आणि सगळं प्लास्टिक स्वतःच्या हाताने सोडवून काढलं. मी शेजारी बसून बघत होते. डिग्रीला ओरखडासुद्धा आला नाही.

म्हणून त्या हॉलमध्ये बाकीच्यांना मेलेलं कार्ड दिसत होतं आणि मला फक्त गुंडाळलेलं कार्ड दिसत होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्लास्टिकमधून मला त्याचे चारही कोपरे दिसत होते, आणि ते टोकदार होते! इतकी वर्षं त्याला कुणाचं बोट लागलेलं नव्हतं. मी टेबलाची कड घट्ट धरली.

नवरा कानाशी लागला. "घेऊन टाक गपचूप आणि चल. पार्किंगमध्ये नाच काय नाचायचं ते."

पण माझ्याच्याने ते झालं नाही. त्या बाईला सकाळपासून सगळ्यांनी तिच्या वडिलांवरून ऐकवलं होतं, आणि मी आता तिच्याकडून मयताच्या भावात जिवंत माणूस घेऊन जाणार होते. मी सांगितलं. हे काढता येऊ शकतं. निघालं तर याची किंमत कितीतरी जास्त होईल. पण फाटलं तर मग काहीच उरणार नाही. तुला हवं तर तू स्वतः काढून बघ.

तिने कार्ड उचलून उलटं-सुलटं करून पाहिलं. मग म्हणाली, "माझा हात धजणार नाही. तू घे. पण माझ्यासमोर काढ."

मी पर्समधून कार्डांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचं पाकीट काढलं. त्यात वर्षभराच्या रकमेतलं जे काही उरलं होतं ते सगळं तिच्या पुढ्यात ठेवलं. लावलेल्या किमतीपेक्षा ते बरंच जास्त होतं आणि खऱ्या किमतीपेक्षा बरंच कमी. तिने न मोजता ठेवून घेतलं.

आता इस्त्री कुठून आणणार? पण आम्ही हॉटेलात होतो, आणि हॉटेलात हेअर ड्रायर असतो. नवरा फ्रंट डेस्कवर गेला आणि बायकोचे केस ओले आहेत असं सांगून आला. माझे केस कानाच्या वर आहेत आणि मी डेस्कवरून दिसत होते. तरी त्यांनी ड्रायर दिला.

टेबलामागे प्लग होता. मी कार्ड ठेवलं, ड्रायर हातात घेतला आणि मग माझी सगळी हिंमत एका क्षणात ओसरली. आजूबाजूचे डीलर आपापली टेबलं सोडून जमायला लागले होते. एक जण म्हणाला, ही बाई वेडी आहे. दुसरा म्हणाला, बघू तर. मी नवऱ्याला म्हटलं, "बाबांना फोन लाव."

तिकडे संध्याकाळ झाली होती. बाबा जेवायला बसायच्या बेतात होते. नवऱ्याने फोन असा धरला की त्यांना टेबल दिसेल.

"बाबा, माझी डिग्री आठवते? लॅमिनेशन काढलं होतं तुम्ही?"

"मीच केलं होतं, मीच काढलं," बाबा म्हणाले. "आता काय करून राहिली तू?"

मी सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला. आईचा आवाज आला, अहो, निवेल ते. बाबा म्हणाले, निवू दे.

"आधी कडेच्या प्लास्टिकचा एक कोपरा काप. कागदाला कात्री लागली नाही पाहिजे."

त्या बाईच्या खोक्यात कात्री होती. मी कापला. प्लास्टिकचे दोन थर सुटे झाले.

"आता दुरून गरम कर. सारखं हलवत राहा हाताले. एकाच जागी धरू नको."

ड्रायर घोंगावू लागला. गोंद मऊ झाल्यासारखा वाटला. मी वरचा थर चिमटीत धरला आणि ओढला, तसं कार्डच वर उचललं गेलं. घोळक्यातून एक सामुदायिक हुंकार आला.

"थांब, थांब! वर काहून ओढून राहिली? आडवं ओढ, बेटा. अंगाला लागून, मागे मागे. कागदाले टेबलावरच राहू दे. कागद नाही उचलायचा, प्लास्टिक उचलायचं."

"काय म्हणतात ते?" त्या बाईने विचारलं.

"कार्ड हलवू नकोस, फक्त प्लास्टिक हलव, असं म्हणतात."

तिने न सांगता पुढे होऊन दोन बोटांनी कार्डाची दुसरी कड दाबून धरली. तिची नखं पांढरी पडली होती. मी आडवं ओढलं. एक केसभर सुटलं. मग आणखी. आधी निळी टोपी बाहेर आली, मग कपाळ, मग डोळे. इतक्या वर्षांनी त्या पोराच्या तोंडाला हवा लागत होती! रंग असे होते की आत्ताच छापखान्यातून आलाय. मी काहीतरी ओरडत होते, मराठीत की इंग्रजीत मला माहीत नाही. मला वेडी म्हणणारा डीलर माझ्या खांद्यावरून वाकून म्हणत होता, सावकाश, सावकाश, आणि तिकडून बाबाही म्हणत होते, घाई नको. दोघंही एकच बोलत होते आणि दोघांनाही ते कळत नव्हतं.

पुढची बाजू निघाली. कार्ड पालथं केलं. मागची बाजू हट्टी होती. एका कोपऱ्याशी कागदाचा बारीकसा पापुद्रा प्लास्टिकबरोबर गेला. बाबा म्हणाले, तिथे थांब, दुसरीकडून ये. मी दुसरीकडून आले आणि शेवटचा तुकडा सुटला.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. नवऱ्याने एवढ्या जोरात शीळ घातली की त्याचा वाचवलेला आवाज तिथेच खर्च झाला. मी त्या बाईला मिठी मारली, मग त्या डीलरला मारली, मग फोनला मारली. आयुष्यात मला नोकरी लागली, ग्रीन कार्ड आलं, घर झालं, पण असा आनंद झाल्याचं मला आठवत नाही. माझ्या टीमला पिचर मिळाला होता.

निकालाचं इथेच सांगून टाकते, कारण सगळे तेच विचारतात. ग्रेडिंगला पाठवताना मी लॅमिनेशन काढल्याचं स्पष्ट लिहिलं. ते लपवून मार्क मिळवण्यात मला काही अर्थ वाटला नाही. कार्ड परत आलं ते सीलबंद, अस्सल असल्याच्या शिक्क्यासह, पण नंबराशिवाय. मूळ स्थितीत बदल झाला आहे म्हणून मार्क नाहीत. बाबा खवळले. "नंबर नाही म्हणजे? गैरहजर दाखवलं का त्याले? रीचेकिंगचा फॉर्म भर!" मी म्हटलं, निकाल राखून ठेवला असं समजा. तो आता चौकटीत आहे आणि चौकट भरली आहे. सगळ्या थर्ड क्लासवाल्यांच्या मधोमध तो बिनमार्कांचा पोरगा सगळ्यात देखणा दिसतो.

पण मला सांगायचंय ते त्या सकाळचंच.

गर्दी पांगली. नवरा डीलरांना आपल्या सासऱ्यांचं कौतुक सांगत फिरत होता, फोन टेबलावर टेकवून ठेवला होता आणि बाबा अजून त्यात होते, जेवण विसरून. मी कार्ड कडक पाकिटात घातलं, टेबल पुसलं, कचरा गोळा करून खालच्या डब्यात टाकला आणि निघायची तयारी केली. ती बाई तशीच उभी होती. तिने हात पुढे केला, परत मागे घेतला. मला वाटलं, तिला पश्चात्ताप होतोय, कार्ड परत हवंय. माझा जीव थोडा थोडा झाला, पण मी पाकीट तिच्यापुढे धरलं.

तिने मान हलवली.

"ते नको," ती म्हणाली. "तू ते प्लास्टिक टाकलंस का?"

मी गुडघ्यावर बसले आणि डब्यात हात घातला. कॉफीचे कप, पेपर नॅपकिन, कुणाचं तरी अर्धं डोनट. एक थर लगेच मिळाला, दुसरा गोळा होऊन तळाशी गेला होता.

"काय शोधून राहिली आता?" बाबांनी विचारलं.

"लॅमिनेशन, बाबा. तिला हवंय. तिच्या वडिलांनी केलेलं."

"असं चुरगळलेलं नको देऊ तिले," बाबा म्हणाले. "गरम कर थोडं. गरम असलं की होते सपाट."

मी दोन्ही थर टेबलावर पसरले. तिने एक कड धरली, मी दुसरी धरली आणि ड्रायर पुन्हा सुरू केला.